ॲल्युमिनियमचा जोड

रुपाली औशाची. वाघोलीच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि कॅम्पसमधूनच मगरपट्ट्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. त्या वर्षांत कंपन्या मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल असं काही बघत नव्हत्या. इंग्रजीत वाक्य जुळवता आलं आणि कोडी सुटली की घेत होत्या. परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे तिचं काम. पगार वेळेवर होत होता, औशाला आईला अभिमान होता, आणि रुपालीला दिवसाच्या शेवटी आपण नक्की काय केलं हे सांगता येत नव्हतं.

तिच्या शेजारच्या खुर्चीवर राजस गद्रे बसायचा. तोही मेकॅनिकलचाच. जेवायच्या सुट्टीत तो कागदावर गाडीच्या चौकटी काढत बसायचा. एकदा तिने विचारलं तर म्हणाला, "रविवारी ये बघायला. खडकवासल्याच्या पुढे बाबांचा प्लॉट आहे. बंगला बांधायचा होता, आईने नकार दिला. शहर सोडून ती कुठे जायला तयार नाही. म्हणून नुसती शेड बांधली."

राजसचे वडील श्यामसुंदर गद्रे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी कारखान्याने यंत्रं बदलली, माणसं कमी केली, तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते सांगत. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, शेडमध्येसुद्धा. रुपाली पहिल्या रविवारी गेली तेव्हा त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ओढणी घरी ठेवून यायची. इथे ठिणग्या उडतात. चहा तिकडे आहे, स्वतः करून घ्यायचा."

बापलेकांनी एक छोटी, दोन माणसांपुरती उघडी गाडी बांधायला घेतली होती. इंजिन जुन्या फियाटचं, चौकट स्वतः वाकवलेल्या लोखंडी पाइपांची. वजन कमी ठेवायचं म्हणून पेट्रोलची टाकी, रेडिएटर, ब्रेकच्या पेडलचा ब्रॅकेट हे सगळं ॲल्युमिनियमचं करायचं ठरलं होतं. त्यासाठी भोसरीत बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून विजेच्या ठिणगीने पातळ धातू जोडणारं टिग वेल्डिंगचं मशीन आणलं होतं. श्यामसुंदरकाकांनी उभ्या आयुष्यात लोखंड पुष्कळ जोडलं होतं. ॲल्युमिनियम मात्र त्यांनाही नवीन होतं. राजस पुस्तकं वाचून शिकत होता. तिघंही एकाच इयत्तेत होती.

लोखंड तापलं की लाल होतं, माणसाला सावध करतं. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. बराच वेळ ते राखी रंगाचं, मख्ख पडून राहतं. मग एकाएकी आरशासारखं चमकतं, आणि तेवढ्यात हात पुढे सरकला नाही तर मोठं भोक पडून खाली गळतं. एका हातात टॉर्च, म्हणजे मशीनची ठिणगी सोडणारी मूठ. तिचं टोक धातूला न लावता अगदी जवळ धरायचं. दुसऱ्या हाताने बारीक सळई त्या वितळलेल्या थेंबात बुडवायची, काढायची, परत बुडवायची. पायाखाली शिवणयंत्रासारखं पेडल, त्याने उष्णता कमीजास्त करायची. आणि हे सगळं काळ्या काचेआडून.

राजसचा हात उतावळा होता. काकांचा स्थिर होता, पण लोखंडाची सवय लागलेली. ते थांबून राहायचे आणि पत्रा गळायचा. रुपालीचेही पहिले कित्येक रविवार पत्र्यांची चाळण करण्यात गेले. पण तिच्यात एक गोष्ट होती. तो थेंब चमकायच्या जरा आधी तिला कळायचं. कसं, ते तिला सांगता येत नसे. "आता," असं ती स्वतःशी पुटपुटायची आणि सळई आत जायची.

तिने पहिली टाकी पूर्ण केली तेव्हा काकांनी टाकीची तोंडं बंद करून आत हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी फासलं. जोडावर ठिकठिकाणी बुडबुडे आले. काका ते बराच वेळ बघत राहिले.

"रुपालीबाई, गाळणी उत्तम झाली आहे. आता टाकी करा."

राजस हसला. रुपालीही हसली, पण परतीच्या बसमध्ये तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन शेडच्या दाराशी उभी होती.

काका कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नसत. राजसने एकदा जोड दाखवून विचारलं, "बाबा, तसं वाईट नाही ना?" तर म्हणाले, "तसं नाही. असंच वाईट आहे." त्यांची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे "चालेल" हा एक शब्द. तो रुपालीला तिसऱ्या टाकीला मिळाला. तोपर्यंत तिचा जोड एकसारखा, बारीक चुण्यांचा, कुणी निगुतीने करंजीला मुरड घालावी तसा पडायला लागला होता. काका त्यावरून अंगठा फिरवत गेले, दुसऱ्या टोकापाशी थांबले आणि म्हणाले, "चालेल." मग चहा त्यांनी स्वतः केला.

त्या दोन-अडीच वर्षांत रुपालीचा आठवडा रविवारभोवती फिरायला लागला. ऑफिसात ती काम चोख करायची, पण मीटिंगमध्ये बसल्या बसल्या तिच्या पायाचा पंजा टेबलाखाली हळूच दबायचा आणि सुटायचा. राजस ते बघून हसायचा. त्या दोघांमध्ये काही होतं का, हे दोघांनीही कधी बोलून पाहिलं नाही. शेडमध्ये तिघंजण असत, आणि तिघांना ते पुरेसं होतं.

एकदा काकांचे कारखान्यातले जुने सोबती बद्रीनाथ शेडवर आले. त्यांचा भोसरीत छोटा कारखाना होता. ॲल्युमिनियमच्या टाक्या आणि सांगाडे करून बाहेर पाठवायचे. त्यांनी टाकी उचलली, उन्हात धरून फिरवली.

"श्याम, हे कुणी केलं?"

"माझ्यावर संशय घेऊ नका. या बाईंनी केलं."

बद्रीनाथांनी रुपालीला तिथेच विचारलं. टिगचा नवा विभाग सुरू करायचा होता. तो उभा करायला, माणसं शिकवायला ती येईल का? रुपालीने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. मी तुमचा पालक नाही. पण मी तुमच्या वयाचा असतो तर मगरपट्ट्यात बसलो नसतो."

तिने औशाला आईला फोन केला. दुर्गाबाईंना वेल्डिंग म्हणजे काय हे समजावून सांगायला बराच वेळ गेला.

"म्हंजे त्ये गेट करणारे रस्त्याला बसत्यात, तसलं?"

"तसलंच, आई. पण जरा बारीक."

"एवढं इंजिनेर करून त्ये करायचं?" मग दुर्गाबाईंनी विचारलं, "तुला आवडतंय का पर?"

"हो."

"मंग बघ बाई तुजं तू. डोळ्याला जप."

रुपालीने ठरवलं. गाडी पूर्ण झाली की राजीनामा द्यायचा.

गाडी हिवाळ्यात पूर्ण झाली. रंग बाकी होता, नुसता तांबडा प्रायमर मारलेला होता. रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हतीच. पण शेडच्या पुढे प्लॉटिंगचा आतला रस्ता होता, एकही घर न झालेला, पाण्याच्या दिशेने हळूहळू उतरत जाणारा. रविवारी सकाळी राजसने गाडी दोनदा वरखाली फिरवली. मग काका म्हणाले, "उठा. मालक बसणार."

ते इस्त्रीच्या शर्टात, डोक्याला मफलर गुंडाळून बसले. वर जाताना त्यांनी हात केला. उतरताना वेग वाढला, मग आणखी वाढला. रुपालीला वाटलं, मजा म्हणून चालवताहेत. वळणाशी प्लॉटिंगवाल्यांनी उभारलेला दगडी खांब होता. गाडी सरळ त्यावर गेली.

राजस आधी पोहोचला. काका शुद्धीत होते, उजवी मांडी विचित्र वळली होती. ते ओरडले नाहीत. "ब्रेक नाही लागला," एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं, जणू कुणी विचारत होतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात राजसची आई, हेमाकाकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. रुपाली राजसजवळ गेली. त्याच्या बाहीला रक्त होतं.

"काय झालं रे नेमकं?"

"पेडल हातात आलं," तो म्हणाला. "ब्रॅकेटचा जोड सुटला."

दोष द्यायचा म्हणून तो बोलला नव्हता. वडिलांना बाहेर ओढताना त्याला लोंबणारं पेडल दिसलं होतं, आणि त्यावरून जे वाटलं ते तो म्हणाला. पण रुपालीने ते ऐकलं आणि तिला त्या ब्रॅकेटचा शेवटचा कोपरा आठवला. तिथे जोड संपवताना तिने वेल्डिंग मशीनचं पायाखालचं पेडल जरा लवकर सोडलं होतं. टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढा खळगा राहिला होता. तसल्या खळग्यातून चीर सुरू होते हे तिला माहीत होतं. तिने तो परत तापवून भरला होता, घासून पाहिला होता. व्हरांड्यात उभी असताना मात्र तिला फक्त खळगा आठवत राहिला.

ती काकांना दोनदा भेटायला गेली. दोन्ही वेळा ते औषधाने झोपलेले होते. मांडीत सळई घातली होती, आणि गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. तिसऱ्यांदा जायचं तिच्याने झालं नाही. बद्रीनाथांना तिने कळवलं की जमणार नाही. कारण त्यांनी विचारलं, तिने घरची अडचण सांगितली. ऑफिसात बंगळूरच्या प्रोजेक्टसाठी माणसं हवी होती, तिने स्वतःहून नाव दिलं. राजसला जातेय म्हणून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अच्छा." तिला तेही बरोबरच वाटलं.

बंगळूरला जाऊन थोडे दिवस झाले होते. संध्याकाळी फोन आला.

"रुपालीबाई, गद्रे बोलतोय. तो ब्रॅकेट मी पाहिला. तुमचा जोड जागेवर आहे. पत्रा फाटला आहे, बाजूला."

"काका, तुमचा पाय कसा आहे?"

"पाय पायाच्या जागी आहे. मी ब्रॅकेटबद्दल बोलतोय."

"हो काका. तुम्ही आधी बरे व्हा."

"माझ्या बरं होण्याचा आणि पत्र्याचा काही संबंध नाही. ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय, काका."

फोन ठेवून ती रडली. ज्या माणसाला आपल्यामुळे जन्माचा लंगडेपणा आला तो आपली समजूत घालायला फोन करतो, याचं तिला वाईट वाटलं. ते म्हणाले ते खरं असेल, हे तिच्या मनात आलंच नाही. या माणसाने आजवर कुणाची म्हणून समजूत घातलेली नाही, स्वतःच्या मुलाचीसुद्धा नाही, हेही तिला आठवलं नाही.

त्यानंतर दरवर्षी दिवाळीला काका फोन करायचे. पहिल्या एक-दोन वर्षी म्हणाले, "एकदा येऊन तो तुकडा डोळ्यांनी बघून जा." ती हो म्हणायची. मग त्यांनी ते म्हणणं सोडलं. नुसती हवापाण्याची चौकशी व्हायची.

बंगळूरलाच तिचं लग्न झालं. नवरा संतोष नांदेडचा, तिच्याच क्षेत्रातला, शांत माणूस. तिने आपण कधीकाळी वेल्डिंग करायचो हे त्याला सांगितलं होतं, पण लोक कॉलेजात नाटकात काम केल्याचं सांगतात, तसं. ती मॅनेजर झाली. पुढे दोघांची पुण्यात बदली झाली आणि त्यांनी वाघोलीत फ्लॅट घेतला. आता खडकवासला म्हणजे शहराचं दुसरं टोक. जाऊ, जाऊ म्हणता शनिवार-रविवार निघून जायचे. ट्रॅफिकचं कारण पुण्यात सगळ्यांनाच पटतं, तिलाही पटायचं.

तसंच एक वर्ष गेलं आणि राजसचा मेसेज आला. काका गेले होते, झोपेतच.

ती सदाशिव पेठेतल्या घरी भेटायला गेली. हेमाकाकूंनी तिचा हात हातात घेतला. "तुझी आठवण काढायचे हो," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांच्या पद्धतीने. माझी पोळी फाटली की म्हणायचे, रुपालीबाईंना बोलवा जोडायला."

राजसचे केस पांढरे व्हायला लागले होते. प्लॉट विकायचा ठरलाय, म्हणाला. शेड रिकामी करतोय, येतेस का?

त्या रविवारी ती गेली. जिथे प्लॉटिंग होतं तिथे आता इमारती होत्या, दगडी खांबाची जागा तिला ओळखू आली नाही. शेडमध्ये राजसने भंगाराचा ढीग केला होता. दोघं पत्रे, पाइप वेगळे करत होती. जुन्या पिंपात हात घालून तिने एक तुकडा काढला आणि तो हातात आल्याबरोबर तिला कळलं, हा तोच ब्रॅकेट.

ती दाराशी उजेडात गेली. जोड टोकापासून टोकापर्यंत अखंड होता. शेवटच्या कोपऱ्यावरचा, तिने भरलेला खळगाही तसाच भरलेला होता. पत्रा मात्र जोडापासून बोटभर अंतरावर, सरळ रेषेत फाटला होता. ती फाटकी कड तिने अंगठ्याने चाचपली. समजायला काहीच अवघड नव्हतं. कुणालाही कळलं असतं. तिने बघितलं नव्हतं, इतकंच.

"जोडाशेजारचा पत्रा तापून मऊ पडतो," राजस मागून म्हणाला. "तिथे जाड घ्यायला हवा होता. ड्रॉइंग माझं होतं. बाबांनी हॉस्पिटलमधून आल्यावर लगेच मला हा दाखवला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"बाबा म्हणाले, मी तिला सांगितलंय."

रुपालीने तुकडा परत उलटून पाहिला. "हो," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं."

"मला वाटलं, तुला कळलं की चूक माझी होती, म्हणून तू बोलत नाहीस. मग मी फोन करायचं टाळत गेलो." तो पिंपाच्या कडेवर बसला. "तू गेल्यावर बाबा काही वर्षं एकटे येऊन करत बसायचे. त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. टाकी करायचे, हवा भरायचे, बुडबुडे बघायचे. मी म्हटलं, बाबा, सोडा आता. तर म्हणाले, ज्यांना येत होतं त्यांनी सोडलं, मला येत नाही, मी कशाला सोडू?"

बाहेर कुठल्याशा इमारतीवर स्लॅबचं काम चालू होतं, त्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तिने बद्रीनाथांची चौकशी केली. त्यांचा कारखाना आता चाकणला होता, मोठा. त्या वर्षी रुपालीने नाही म्हटल्यावर त्यांनी आयटीआयमधून एक मुलगी घेतली होती. टिगचा सगळा विभाग आता तिच्या हाताखाली होता. राजसने हे सहज सांगितलं, बातमी सांगावी तसं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो परत पत्रे वेगळे करायला लागला.

मशीन त्याने तिलाच देऊन टाकलं. फ्लॅटमध्ये ते ठेवायची सोय नव्हती. वाघोलीतच संभाजी नावाच्या माणसाचं ग्रिल आणि गेटचं दुकान होतं. त्याने मागच्या बाजूला जागा दिली, रविवारी या म्हणाला. रुपालीने वेल्डिंगला लागणाऱ्या आर्गॉन वायूचा सिलिंडर आणला, जवळचं दिसायला चष्म्याची वेगळी काच हेल्मेटमध्ये बसवून घेतली.

पहिल्या रविवारी तिने दोन पट्ट्या घेतल्या, घासून स्वच्छ केल्या आणि टॉर्च पेटवली. काळ्या काचेत राखी पत्रा दिसत होता. ती "आता"ची वाट बघत राहिली. ते आलं नाही. चमक दिसली तेव्हा उशीर झाला होता. पत्र्याला भोक पडलं. दुसऱ्या वेळी ती घाबरून आधीच पुढे गेली आणि सळई नुसती वर चिकटून राहिली. अडचण हाताची नव्हती. पूर्वी जे आपोआप कळायचं ते आता तिला आठवून करावं लागत होतं, आणि आठवेपर्यंत धातू थांबत नव्हता.

संभाजी डोकावला. एक पट्टी उचलून म्हणाला, "मस्त झालंय की, मॅडम."

"नाही झालं," रुपाली म्हणाली.

घरी आल्यावर संतोषने विचारलं, "जमलं का?"

"नाही."

"येईल हळूहळू. किती वर्षं गेली मधे."

"तेच तर," ती म्हणाली, आणि हातपाय धुवायला गेली.

ती रविवारी जात राहिली. वर्षभरात हात बराच परत आला. टाक्या गळायच्या थांबल्या. संभाजीची गिऱ्हाइकं थांबून बघायची, फोटो काढायची, आणि आपल्या स्कूटरच्या फुटलेल्या भागांसाठी तिला विचारायची. तीही करून द्यायची. पण आपला जोड चांगला आहे आणि पूर्वीइतका चांगला नाही, हे तिला दर रविवारी दिसत होतं. सव्विसाव्या वर्षी जे तिच्या हातात होतं, ते त्यानंतर रोज वापरलं असतं तर कुठपर्यंत गेलं असतं, याचा अंदाज करणं तिने सोडून दिलं. त्या अंदाजाला शेवट नव्हता, आणि सोमवारी ऑफिस होतं.